रहिवाशांच्या मालकीची जुनी इमारत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरमधील एका जुन्या इमारतीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद मी काही वर्षे सांभाळले. त्या काळात जिन्यात, गच्चीवर आणि सभेच्या आधी चहा पिताना शेजाऱ्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र मांडली आहेत. कायद्याचे तपशील महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांना लागू असलेले आहेत. उपविधींतील, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नोंदणीकृत नियमांतील, तरतुदी बहुतेक संस्थांनी स्वीकारलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे दिल्या आहेत, तरी आपल्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत एकदा उघडून पाहावी.

इमारत रहिवाशांच्याच मालकीची असावी, ही कल्पना मुंबईत कधी आली?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि कोंदट, दाटीच्या वस्त्यांचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रस्ते आखले, भूखंड पाडले आणि ते भाडेपट्ट्याने दिले. पण नोकरदार माणसाला एकट्याने भूखंड घेऊन घर बांधणे शक्य नव्हते. १९०४ चा सहकार कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मोकळीक दिली आणि घरांचा मार्ग खुला झाला.

गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये नोंदली गेली. आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. त्यांनीच १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी बँक सुरू केली होती. आधी बचत आणि कर्जाची सोय, मग घर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जी माणसे एकमेकांच्या कर्जाला जामीन राहण्याइतका विश्वास ठेवत होती, तीच पुढे एका छपराखाली राहण्याचा करार करू शकली. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

सदनिका माझी की संस्थेची?

कागदोपत्री उत्तर संस्थेच्या प्रकारावर अवलंबून आहे. नियमांत गृहनिर्माण संस्थांचे मुख्य दोन प्रकार आहेत. भाडेकरू मालकी संस्थेत जमीन संस्थेच्या नावावर असते आणि त्यावरील घर सदस्याचे असते. बंगल्यांच्या वसाहतींत हा प्रकार आढळतो. भाडेकरू सहभागीदारी संस्थेत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची असतात, आणि सदस्याकडे भाग (शेअर) व त्या भागांसोबत येणारा सदनिकेचा कायमचा भोगवटा, म्हणजे तेथे राहण्याचा हक्क, असतो. आपल्या बहुतेक इमारती या दुसऱ्या प्रकारात मोडतात. या भोगवट्याला बाजारात किंमत आहे, तो विकता येतो, गहाण ठेवता येतो, वारसांना मिळतो. त्यामुळे व्यवहारात आपण स्वतःला मालक म्हणतो आणि त्यात चूक काही नाही. मात्र भिंतीच्या आतला रंग तुमचा आणि त्याच भिंतीतला खांब सर्वांचा, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे निम्मे वाद टळतात.

आमची इमारत पागडीची, म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्यावर घेतलेल्या घरांची, आहे. भाडेकरूंना ती विकत घेऊन संस्था करता येईल का?

येईल, आणि मुंबईत तसे पुष्कळ झाले आहे. सर्वांत सरळ मार्ग संमतीचा आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, त्या भाड्यात दुरुस्ती परवडेनाशी झाली, आणि अनेक घरमालकांना इमारत सांभाळण्यापेक्षा विकणे बरे वाटू लागले. अशा वेळी भाडेकरू एकत्र येतात, वाटाघाटी करून रक्कम ठरवतात, संस्था नोंदवतात आणि खरेदीखत संस्थेच्या नावाने करतात. आमची संस्था अशीच झाली. ज्यांच्याकडे एकरकमी पैसे नव्हते, त्यांच्यासाठी दोन शेजाऱ्यांनी आपल्या ठेवी मोडल्या होत्या. त्या नोंदी जुन्या वहीत शाईच्या पेनने लिहिलेल्या आहेत, आणि परतफेडीच्या प्रत्येक हप्त्यापुढे दोघांच्या सह्या आहेत.

दुसरा मार्ग कायद्याच्या सक्तीचा आहे. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये प्रकरण आठ-अ घालण्यात आले. उपकरप्राप्त, म्हणजे जिच्यासाठी दुरुस्ती उपकर भरला जातो अशा जुन्या, इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी मिळून अर्ज केल्यास मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन ती इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. घरमालकांच्या संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले. त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे बहुमताने ठरले. या मार्गाचा विचार करणाऱ्यांनी मालमत्ताविषयक काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

इमारत इतकी जुनी असताना दुरुस्ती निधी पुरत का नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, कारण जुन्या इमारती पडतात त्या बहुतेक वेळा पावसाने नव्हे, तर या हिशेबाने.

उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीची वर्गणी सर्वसाधारण सभा ठरवते. ती बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्क्यापेक्षा कमी असू नये, असे बंधन आहे. निक्षेप निधीसाठी, म्हणजे ज्याला आपण सिंकिंग फंड म्हणतो त्यासाठी, हे किमान प्रमाण ०.२५ टक्के आहे. नव्या इमारतीत हे आकडे ठीक चालतात. जुन्या इमारतीत बांधकाम खर्च म्हणजे कोणता खर्च? समजा १९३६ मध्ये २४ सदनिकांची इमारत एक लाख रुपयांत उभी राहिली. त्याचे ०.७५ टक्के म्हणजे वर्षाला ७५० रुपये, आणि प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला वर्षाला सुमारे ३१ रुपये. एवढ्यात गवंड्याचा एका तासाचा रोजही सुटत नाही. तरीही कित्येक संस्थांच्या ताळेबंदात अशा क्षुल्लक रकमा वर्षानुवर्षे निमूटपणे पुढे ओढल्या जातात, कारण नियम पाळला गेला असे कागदावर दिसते.

०.७५ टक्के ही खालची मर्यादा आहे. सभेला त्याहून अधिक वर्गणी ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे. संरचना अभियंत्याकडून पुढील दहा वर्षांत कोणती कामे निघतील याचा अंदाज घ्यावा, आजच्या दराने त्याची किंमत काढावी, आणि ती महिन्यांत विभागून वर्गणी ठरवावी. आमच्या सभेत हा ठराव पहिल्यांदा मांडला तेव्हा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एका आजोबांनी विचारले, “मी नसताना होणाऱ्या कामाचे पैसे मी आज का द्यावे?” प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना एवढेच दाखवले की त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब त्यांच्या आधीच्या पिढीने न दिलेल्या पैशांमुळे सळया दाखवत होता. त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. ज्यांचे उत्पन्न खरोखर तुटपुंजे आहे त्यांना हप्त्यांची सवलत द्यावी, पण आकडा खोटा ठेवू नये.

बाकीचे मासिक शुल्क कसे वाटले जाते?

सेवा शुल्क, म्हणजे पहारेकरी, सफाई, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च वगैरे, सर्व सदनिकांना समान येते. घर मोठे म्हणून जास्त नाही. लिफ्टचा खर्चही समान, मग तुम्ही तळमजल्यावर राहत असलात तरी. पाण्याचे शुल्क नळांच्या संख्येप्रमाणे ठरते. मालमत्ता कर प्रत्येक सदनिकेचा प्रत्यक्ष जेवढा असेल तेवढा. थकबाकीवर सभेने ठरवलेल्या दराने सरळव्याज लागते आणि तो दर वार्षिक २१ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये.

वरच्या मजल्यावरून गळते आहे. पैसे कोणी द्यायचे?

गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक नळ आणि सांडपाण्याचे उभे पाइप यांतून होणारी गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघर, संडास किंवा सिंकमधून आत झिरपणारे पाणी असेल तर खर्च संबंधित सदस्यांचा. अडचण एवढीच की पाणी जिथे शिरते तिथे दिसत नाही.

आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या छतावर दर पावसाळ्यात पिवळा डाग पडत असे. वरच्या कुटुंबाने आपली मोरी दोनदा फोडून नवी केली, तरी डाग हटेना, आणि दोन घरांचे बोलणे बंद झाले. शेवटी हाउसगल्लीत, म्हणजे इमारतीमागच्या सफाईच्या अरुंद गल्लीत, परांची बांधून पाहिले तेव्हा बिडाच्या जुन्या पाइपाच्या सांध्यात पिंपळाचे रोप सापडले. बाहेरून ते वीतभर दिसत होते. मुळे मात्र विटांच्या सांध्यांतून हातभर आत गेली होती आणि त्या वाटेने पाणी सरळ स्वयंपाकघरात उतरत होते. दोष संस्थेचा होता, आणि दोन्ही घरांना तसे लेखी कळवण्यात आले. म्हणून कोणाच्याही घरातील लादी उखडण्याआधी बाहेरची भिंत तपासावी. पिंपळ नुसता छाटू नये. तो दुप्पट जोमाने येतो. मुळासकट काढून ती जागा नव्याने बांधून घ्यावी लागते.

संरचनात्मक तपासणी किती वर्षांनी करावी?

इमारतीचे वय १५ ते ३० वर्षे असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे असेल तर तीन वर्षांतून एकदा. तपासणीनंतर इमारतीचे वर्ग पाडले जातात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२अ मध्ये काही भाग रिकामा करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती लागते. सी-२ब मध्ये घरे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करता येते, आणि सी-३ मध्ये किरकोळ कामे पुरतात. अहवाल आला की त्याची प्रत प्रत्येक सदस्याला मिळाली पाहिजे. तो समितीच्या कपाटात राहिला, तर लोक अफवांवर निर्णय घेऊ लागतात.

जुन्या बांधकामाची दुरुस्ती नव्या सामानाने केली तर काय बिघडते?

बांधकाम कोणते, यावर ते ठरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक इमारतींत विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी तुळया आणि वर कोब्याची (चुना आणि विटांचे तुकडे कुटून केलेली) गच्ची असे. अशी भिंत थोडे पाणी घेते आणि उन्हात ते सोडते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजू लागते. तुळई मधोमध ठणठणीत वाजते, म्हणून कोणी टोकाकडे पाहत नाही. सुतार चांगला असेल तर तो आधी छिन्नीने भिंतीलगतच टोकून पाहतो. तेथे आवाज बोदा आला की समजावे.

१९३० नंतरच्या इमारती बहुतेक आरसीसीच्या, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या, आहेत. त्यांचे दुखणे वेगळे. समुद्राच्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये शिरतात, सळई गंजते, गंजताना फुगते आणि वरचे आवरण फोडून बाहेर येते. येथे गंज पूर्ण घासून काढणे, सळईवर संरक्षक लेप देणे आणि मग पॉलिमर मॉर्टरने आकार भरणे हा क्रम चुकवून चालत नाही. वरून गिलावा मारून रंग दिलेला खांब बाहेरून सुंदर दिसतो आणि आत गंजतच राहतो. कंत्राटदाराला रकमेचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मागावीत.

खिडक्या बदलून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या तर चालेल का?

आधी आपली इमारत वारसा यादीत आहे का, ते पाहावे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे आणि यादीतील इमारतींना श्रेणी दिलेल्या आहेत. बाहेरून दिसणारा कोणताही बदल श्रेणीनुसार परवानगीनेच करावा लागतो. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेथील गोलाई घेतलेले सज्जे आणि खिडक्यांवरचे पातळ छज्जे हीच त्यांतील आर्ट डेको इमारतींची ओळख आहे.

यादीत नसलेल्या इमारतीलाही हा विचार लागू करावा, असे माझे मत आहे. जुन्या पट्ट्यांच्या लाकडी खिडक्या पाऊस अडवून वारा आत घेतात. सरकत्या काचेच्या खिडकीची अर्धी जागा नेहमी बंदच राहते, आणि मे महिन्यात तो फरक पंख्याखाली बसूनही कळतो.

सदनिका विकताना किंवा घेताना संस्थेला काय द्यावे लागते?

हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये, आणि सभेने ठरवलेले अधिमूल्य (प्रीमियम), जे महानगरपालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये असू शकते. कुटुंबातील व्यक्तीच्या नावे हस्तांतरण असेल तर अधिमूल्य नाही. देणगी, विकास निधी किंवा अन्य नावाने त्याहून अधिक रक्कम मागणे नियमबाह्य आहे. ना-हरकत दाखला उपविधींप्रमाणे हस्तांतरणासाठी आवश्यक नाही. बँका कर्जासाठी तो मागतात, म्हणून अर्ज आल्यास समितीने विनाविलंब द्यावा.

नामनिर्देशित व्यक्ती घराची मालक होते का?

नाही. सदस्याच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सदस्य करून घेतले जाते, म्हणजे कायदेशीर वारसांचे नाव लागेपर्यंत पत्रव्यवहार आणि देयके अडत नाहीत. घर वारसांचे किंवा मृत्युपत्रात लिहिले असेल त्यांचे. ही गोष्ट हयातीतच मुलांना समजावून सांगावी.

जुन्या संस्था एकाच समाजाच्या का होत्या, आणि आज तसे चालते का?

पहिल्या संस्था ओळखीच्या माणसांनी काढल्या, आणि त्या काळी ओळख ज्ञातीतूनच होत असे. कायद्यात खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व आहे. तरी २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व समाजापुरते ठेवणारी तेथील उपविधी वैध मानली. कायद्याची स्थिती ही. माझे म्हणणे वेगळे आहे: आमच्या जिन्यात आता चार भाषा ऐकू येतात आणि गच्चीच्या दुरुस्तीच्या वेळी वर्गणी सर्वांनी सारखीच दिली. घर नाकारताना आडनाव पाहणे मला कधीच पटले नाही.

मी परदेशात असतो, घर भाड्याने दिले आहे. जादा शुल्क किती?

सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क. मालमत्ता कर त्या हिशेबात धरला जात नाही. घरात आई-वडील, मुले असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. नुसते कुलूप लावून ठेवलेल्या घरांबद्दल मात्र एक विनंती आहे. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवावी. बंद घरात फुटलेला नळ खालच्या दोन मजल्यांना भोगावा लागतो.

सर्वसाधारण सभेला गेलेच पाहिजे का?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. गणपूर्ती एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. म्हणजे तुम्ही गेला नाहीत तरी निर्णय होतो. तो सात-आठ जण घेतात. नंतर व्हॉट्सॲपवर व्यक्त केलेल्या नापसंतीची नोंद इतिवृत्तात होत नाही.

पुनर्विकास करावा की दुरुस्ती?

आधी अहवाल, मग आकडे, मग विकासक. हा क्रम उलटा झाला की फसगत होते. इमारत सी-२ब किंवा सी-३ मध्ये असेल तर दुरुस्तीचा खर्च, त्यानंतर मिळणारी वर्षे आणि आजच्या घराचे चटई क्षेत्र यांची तुलना नव्या प्रस्तावाशी करावी. उंच छत, जाड भिंती आणि आरपार वारा यांची किंमत प्रस्तावात कुठेही लिहिलेली नसते; ती आपणच मोजायची असते. इमारत सी-१ मध्ये गेली असेल तर माझा जीव कितीही त्या जिन्यात गुंतला असला तरी मी पाडण्याच्या बाजूने मत देईन, कारण तेथे लहान मुले झोपतात.

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सदस्यांची उपस्थिती आणि एकूण सदस्यांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. विकासकाची निवड होणाऱ्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्रतिनिधी हजर असावा आणि सभेचे चित्रीकरण व्हावे. विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी देणे अपेक्षित आहे. हमी न घेता चाव्या सोपवणाऱ्या संस्थांतील वृद्ध माणसे भाड्याच्या घरात वर्षे मोजत बसलेली मी पाहिली आहेत. संस्थेने स्वतःच विकासक व्हायचे, म्हणजे स्वयंपुनर्विकास, हाही मार्ग आहे. त्यासाठी घट्ट एकी, पूर्णवेळ राबणारी दोन-तीन माणसे आणि कर्ज देणारी बँक लागते.

संस्थेचे कोणते कागद कोठे ठेवावेत?

खरेदीखत किंवा भाडेपट्टा, मंजूर नकाशे, भाग प्रमाणपत्रांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते, सर्व संरचनात्मक अहवाल. मूळ प्रती बँकेच्या लॉकरमध्ये, स्कॅन केलेल्या प्रती निदान तीन सदस्यांकडे. आमच्या इमारतीचा मूळ नकाशा कापडावर चिकटवलेला होता आणि तो एका माजी सचिवांच्या माळ्यावर, पितळी समया गुंडाळलेल्या जाजमात सापडला. त्यातूनच जमिनीखालून गेलेली, पन्नास वर्षे कोणालाच न सापडलेली सांडपाण्याची वाहिनी कळली.